निराधार-श्रावणबाळच्या यादीतली मयत आणि बोगस नावं काढायची आहेत, पण खरी नावं तुटू नयेत. पडताळणी कशी लावावी?

शिवारातला

आमच्या तालुक्याच्या संजय गांधी निराधार समितीपुढे वार्षिक पडताळणीचा विषय येतोय. संजय गांधी (निराधारांची), श्रावणबाळ आणि इंदिरा गांधी वृद्धापकाळ (दोन्ही म्हाताऱ्यांच्या) या महिन्याच्या पेन्शन मिळून यादी साधारण आठ हजार नावांची आहे. तक्रारी नेहमीच्याच: मेलेल्या माणसाच्या खात्यावर पैसे पडतायत, वय वाढवून श्रावणबाळ घेतलंय, पोराची चारचाकी दारात आणि आई निराधार. उलट बाजूला, मागच्या खेपेला हयातीचा दाखला आला नाही म्हणून सरसकट नावं थांबवली आणि त्यातली बरीच पुन्हा सुरू करावी लागली. तोवर म्हाताऱ्या माणसांनी तहसीलला हेलपाटे घातले ते घातलेच.

जाणकारांना विचारायचं आहे:
१) क्रम काय ठेवावा? सगळ्या आठ हजारांना बोलवायचं का?
२) मयत शोधायला ग्रामपंचायतीची मृत्यू नोंदवही पुरते का?
३) "सगळ्यांची आधार ई-केवायसी (अंगठा किंवा ओटीपीने ओळख पटवणं) लावा, काम फत्ते" असं समितीत काही जण म्हणतात. खरं आहे का?
४) जादा गेलेले पैसे परत आणायचे कसे?

अव्वल_कारकून

शिवारातला भाऊ, आधी "बोगस" नावाचा एकच ढीग करणं थांबवा. त्यात चार निरनिराळी प्रकरणं असतात. एक, लाभार्थी मयत. दोन, मुळात कधी पात्रच नव्हता. तीन, मंजुरीच्या वेळी पात्र होता, नंतर परिस्थिती बदलली. चार, लाभार्थी अगदी खरा, पण पैसे दुसराच उचलतो. चौथ्यात नाव कापलंत तर ज्याची लूट झाली त्यालाच शिक्षा होते. आणि दुसऱ्या-तिसऱ्याला एकच नोटीस पाठवाल तर तिसरा माणूस विनाकारण लबाड ठरतो.

सुरुवात मयतांपासून करा, कारण तिथे पुरावा कागदावर असतो आणि कुणाला तहसीलला बोलवावं लागत नाही. पण ग्रामपंचायतीची नोंदवही एकटी पुरत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी घटना जिथे घडली तिथे होते, माणूस राहतो तिथे नाही. तुमच्या गावची आजी जिल्हा रुग्णालयात वारली तर तिची नोंद त्या शहराच्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत. गावच्या वहीत ती सापडणारच नाही. म्हणून मागणी दोन ठिकाणी करा: प्रत्येक ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून गेल्या २४ महिन्यांतली ६० वर्षांवरची नोंद, आणि जिल्ह्याच्या व शेजारच्या शहरांच्या निबंधकांकडून "कायमचा पत्ता आपला तालुका" एवढ्या नोंदी. नाव, वडील किंवा पतीचं नाव, वय, गाव, मृत्यूची तारीख, एवढे पाच रकाने बास. विधवा आणि दिव्यांग लाभार्थी साठीच्या आतले असतात, त्यांच्यासाठी वयाची अट काढून वेगळी यादी मागा.

तरी काही मृत्यू नोंदलेलेच नसतात. कायद्याने मुदत २१ दिवसांची, पण ज्या घरात वारसनोंद करायला जमीन नाही आणि विमा नाही, तिथे दाखला काढायची निकड कुणाला नसते. निराधारांची घरं नेमकी तीच. त्यामुळे नोंदवहीत नाव नाही याचा अर्थ माणूस जिवंत आहे असा घेऊ नका. यादीची गावनिहाय प्रत पोलीस पाटील, आशा आणि रेशन दुकानदार या तिघांना वेगवेगळी द्या आणि तिघांकडून वेगवेगळी सही करून परत घ्या. एकत्र बसवून भरून घेतलीत तर एकच माणूस भरतो आणि बाकीचे दोघे सही ठोकतात.

आता पैशाचं. मयताच्या खात्यावर पैसे जमा झाले आणि उचलले गेले यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माहिती उशिरा पोचली म्हणून दोन-तीन महिन्यांचे प्रत्येकी १५०० पडून राहिले असतील तर ती वसुली सोपी आहे. तहसीलदारांच्या पत्रासोबत मृत्यू नोंदीची प्रत, खाते क्रमांक आणि कोणकोणत्या महिन्यांची रक्कम मृत्यूनंतर जमा झाली त्याचा तक्ता लावून बँकेला द्या. वारसांनी दावा करून खातं बंद करायच्या आत हे पत्र पोचायला हवं. तोंडी सांगून बँक काही करत नाही, आणि करूही नये.

उचलले गेले असतील तर खाते उतारा मागवून व्यवहाराचा प्रकार बघा. एटीएममधून निघाले असतील तर बहुतेक घरातल्यांकडे कार्ड आणि पिन होता. विड्रॉल स्लिपवर निघाले तर स्लिपवरची सही-अंगठा आणि तो पास करणारा हात तपासायचा. आणि मृत्यूच्या तारखेनंतर आधारवर, म्हणजे अंगठा लावून पैसे निघाले असतील तर थांबा. त्याचे तीनच अर्थ निघतात: मृत्यूची तारीख चुकली, खात्याला आधार दुसऱ्याच माणसाचा जोडला गेलाय, किंवा अंगठ्याची नक्कल वापरली गेलीय. तिसऱ्या प्रकाराला पोलीस तक्रारच.

बेरीजवजाबाकी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. आठ हजारांना बोलवू नका, संगणकावर यादी चाळा. मात्र संगणक जी नावं काढून देईल ती फक्त "आधी बघा" अशी यादी असते, "कापा" अशी नव्हे. हे का, ते आकड्यांत बघा.

समजा आठ हजारांत २ टक्के, म्हणजे १६० खरोखर अपात्र आहेत. तुमची चाळणी ९५ टक्के अचूक आहे, जी प्रत्यक्षात क्वचितच असते. ती १६० पैकी १५२ पकडेल. पण उरलेल्या ७,८४० पात्र माणसांपैकी ५ टक्के, म्हणजे ३९२ जणांवरही लाल खूण करेल. एकूण ५४४ लाल नावं, त्यातली ३९२ बिनदोष. दहातले सात! या यादीवर थेट "रद्द" चा शिक्का मारला की मागच्या खेपेसारखंच होणार.

जुलै २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेत इतर विभागांची माहिती ताडून २६.३४ लाख लाभार्थींचा लाभ थांबवला गेला, तेव्हा मंत्र्यांनीही तो तात्पुरता असल्याचं आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून तपासून पात्र असतील त्यांना पुन्हा देणार असल्याचंच सांगितलं होतं. माझ्या मते क्रम उलटा हवा होता. तपासणी आधी, थांबवणं नंतर.

एक्सेलमध्ये करण्यासारख्या गोष्टी:

नावावरून जुळवू नका. एका यादीत "सखूबाई धोंडिबा", दुसरीत "सखुबाई धोंडीबा", तिसरीत इंग्रजीतून आलेलं आणखी काहीतरी. बायकांच्या नावापुढे एका कागदावर वडील, दुसऱ्यावर नवरा. संगणकाला त्या दोन बायका वाटतात, आणि एकाच गावातल्या खरोखरच्या दोन सखूबाई एक वाटतात. जुळणी खाते क्रमांक आणि आधारवर करा. आधारची उघडी यादी ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. कार्यालयातल्या एकाच संगणकावर जुळवा आणि बाहेर फक्त अर्ज क्रमांक जाऊ द्या.

एकच खाते क्रमांक. दोन नावांना असेल तर नवरा-बायकोचं संयुक्त खातं असू शकतं. तीन किंवा जास्त नावांना असेल तर प्रत्येक प्रकरण उघडा.

एकच मोबाइल नंबर. इथे हमखास घोळ होतो. पंधरा लाभार्थ्यांना एक नंबर म्हणजे टोळीच असेल असं नाही, बहुधा सेतू किंवा ई-सेवा केंद्रवाल्याने रकाना भरायला स्वतःचा नंबर टाकलेला असतो. आयुष्मान भारत आरोग्य योजनेच्या २०२३ च्या कॅग (सरकारी हिशेब तपासणारी संस्था) अहवालात तर साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी ९९९९९९९९९९ या एका नंबरला जोडलेले सापडले होते. तो रकाना सक्तीचा केल्याचा परिणाम. पण असे अर्ज बाजूला काढाच, कारण ओटीपी त्या केंद्रवाल्याकडे जातो.

वय. आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली म्हणून लाल खूण करू नका. खेड्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तीच आहे, नोंदणीच्या वेळी अंदाजे वर्ष सांगितलं की तसं पडतं. वय खरंच वाढवलंय का हे बघायला मतदारयादीची जुनी प्रत काढा. २००४ च्या यादीत ३५ वर्षं लिहिलेला माणूस २०२५ मध्ये ५६ चा असतो, ६६ चा नाही. पाच वर्षांपर्यंतचा फरक सोडून द्या, त्या याद्याही अंदाजेच लिहिल्यात. दहाचा फरक असेल तर पहिल्या अपत्याचा शाळा सोडल्याचा दाखला मागा. आई आणि थोरला मुलगा यांत ३२-३५ वर्षांचं अंतर त्या पिढीत विरळाच.

डोंगरवाट

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ई-केवायसी एवढंच सांगते की समोरचा माणूस जिवंत आहे आणि तो तोच आहे. त्याचं उत्पन्न, वय किंवा तो एकटा राहतो का, यातलं काहीही ती सांगत नाही. तुमच्या तीन तक्रारींपैकी एकीलाच ती लागू पडते.

झारखंडच्या रेशनवर मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर यांनी केलेला मोठा अभ्यास याबाबत वाचण्यासारखा आहे. दुकानात अंगठा सक्तीचा केल्याने चोरीत मोजण्याजोगा फरक पडला नाही, पण ज्यांच्या कार्डाला आधार जोडलेला नव्हता त्यांना मिळणारा लाभ सरासरी १० टक्क्यांनी घटला. कारण उघड आहे: तिथला दुकानदार खोटी माणसं उभी करत नव्हता, खऱ्याच माणसाचा अंगठा घेऊन माप कमी घालत होता. चोरी मापात असेल तर कुलूप ओळखीला लावून काय उपयोग? आंध्रात याच मंडळींनी रोजगार हमी आणि पेन्शनच्या स्मार्टकार्डचा अभ्यास केला, तिथे गळती घटली आणि खरी माणसंही तुटली नाहीत. तिथे अंगठा न जुळणाऱ्याला पैसे देण्याची दुसरी वाट उघडी ठेवली होती.

तुमच्याकडेही ती वाट आधी ठरवा, मग यंत्र आणा. बोटं झिजलेली, मोतीबिंदूमुळे बुबुळ न जुळणारी, अंथरुणाला खिळलेली माणसं किती हे आशाताईंना आधीच विचारून ठेवा. त्यांच्याकडे तलाठ्यानेच घरी जायचं. फोटो, त्या दिवसाची तारीख, दोन शेजाऱ्यांच्या सह्या. झालं. २०१८ च्या आधार निकालातही अंगठा जुळला नाही एवढ्यावरून लाभ नाकारू नये हीच भूमिका आहे, त्यामुळे ही मेहेरबानी नव्हे. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला तेव्हा विधवा आणि परित्यक्ता अडकल्या, आणि मग मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवावी लागली. तुमच्या यादीत निम्म्याहून जास्त बायका त्याच असतील.

आता जे कुणी समितीत बोलत नाही ते. उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,००० आहे (दिव्यांगांना ५०,०००). महिन्याला १,७५०. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये धरली तर घरातल्या एका माणसाने ६८ दिवस काम केलं की ते कुटुंब अपात्र! विधवा सुनेने दोन महिने खडी फोडली की म्हातारी निराधार राहत नाही. त्यामुळे गावात जो कुणी पात्र आहे त्याचाही दाखला "२१,००० च्या आत" असा बेतून आलेला असतो. अर्जदाराला माहीत, तलाठ्याला माहीत, तहसीलदारांना माहीत. तुम्ही कागदाला धरून काटेकोर पडताळणी केलीत तर जवळपास सगळेच खोटे ठरतील, मग कुणाला कापायचं ते ज्याच्याशी वैर त्याच्यावर ठरणार. म्हणून उत्पन्नाच्या कागदात शिरू नका. डोळ्यांना दिसणारं आणि नोंदीत सापडणारं धरा: शासकीय नोकरी किंवा निवृत्तीवेतन, आयकर विवरण, चारचाकी, बागायत किती. चारचाकी मुलाच्या नावावर असेल तर मुलगा आईला सांभाळतो का हेही बघा. तो पुण्याला आणि आई गावात शेजाऱ्यांच्या भाकरीवर, असं असतंच.

आणखी एक, चावडीवाचन (यादी गावापुढे मोठ्याने वाचणं) जरूर करा, पण यादीतला "प्रवर्ग" हा रकाना पुसून. या योजनेत एड्स, कुष्ठरोग, क्षयरोगाचे रुग्णही आहेत, अत्याचारित महिलाही आहेत. नाव आणि वाडी एवढंच वाचायचं. कागद चिकटवतानाही तेच.

हिशेबनीस

वरच्या तिघांनी लाभार्थ्याकडून बघितलं, मी कार्यालयाच्या बाजूने बघतो. एकेकटा म्हातारा १,५०० च्या वर फसवू शकत नाही. मोठी रक्कम जाते ती लॉगिनमधून.

२०२० मध्ये तामिळनाडूत पीएम-किसान या शेतकऱ्यांच्या मदत योजनेत साडेपाच लाखांच्या आसपास अपात्र नावं घुसली, रक्कम ११० कोटींच्या घरात. नोंदणी सोपी केली होती आणि मंजुरीचे पासवर्ड कंत्राटी कर्मचाऱ्यांमार्फत दलालांपर्यंत पोचले होते. तुमच्या तहसीलमध्ये नायब तहसीलदारांचा पासवर्ड कोणाकोणाला तोंडपाठ आहे ते आधी बघा. अर्ज भरणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अशी तीन माणसं, तीन लॉगिन, ओटीपी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. आणि महिन्याला एक अहवाल काढा: कोणत्या लॉगिनवरून, किती वाजता, किती मंजुऱ्या. रात्री साडेदहा ते पावणेअकरामध्ये १४० मंजुऱ्या दिसल्या तर बाकी काही तपासायची गरज नाही, तिथूनच सुरुवात करा.

मंजुरीनंतर बँक खातं बदलण्याची विनंती ही सगळ्यात धोक्याची जागा. २०२५ पासून पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात जातात, आणि आधारवर जाणारी रक्कम ज्या बँकेत आधार सर्वांत शेवटी डीबीटीसाठी जोडला असेल तिथे पडते. अर्जावर लिहिलेल्या खात्यात पडेलच असं नाही. निम्म्या "माझे पैसे खाल्ले" तक्रारींचं मूळ इथे असतं: कुणीतरी गावात येऊन पेमेंट बँकेचं खातं अंगठ्यावर उघडून गेला, आजीला पत्ता नाही, पैसे तिथे पडतायत. आधारच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर "बँक सीडिंग" बघितलं की बँकेचं नाव कळतं. ते आधी बघा, मग तक्रार लिहा.

नगावर मेहनताना देताना जपा. पीकविम्यात केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये आणि शेतकऱ्याला हप्ता १ रुपया, हे २०२३ च्या खरिपापासून चाललं, आणि देवस्थानाच्या, पडीक, दुसऱ्याच्या जमिनीवर अर्ज आले. २०२५ मध्ये एक रुपयाची योजना गुंडाळली. अर्जाच्या संख्येवर पैसे दिलेत की संख्याच येते. दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झालीय, त्यामुळे पुढचा रेटा दिव्यांग प्रमाणपत्रांवर येणार. यूडीआयडी (दिव्यांगाच्या ओळखपत्राचा) क्रमांक पोर्टलवर तपासल्याशिवाय प्रवर्ग बदलू नका.

पडताळणी झाल्यावर ती कशी झाली तेही मोजा. "तपासलं, सगळं ठीक" असा शेरा आलेल्या नावांतून चिठ्ठी टाकून ६० काढा आणि दुसऱ्याच माणसाकडून घरी जाऊन तपासून घ्या. साठांत एकही चूक निघाली नाही तर उरलेल्या यादीत चुका ५ टक्क्यांच्या आत आहेत असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. १ टक्क्याची खात्री हवी तर ३०० लागतील. सोपं गणित, ३ भागिले नमुना. आणि रद्द केलेल्या नावांतूनही तशाच ६० काढा. हे कुणीच करत नाही.

वसुलीबद्दल: मृत्यूनंतरची शिल्लक परत घ्या, पासवर्ड विकणाऱ्यावर गुन्हा दाखल करा, दलालाला सोडू नका. पण ज्याची परिस्थिती बदलली आणि ज्याला कळवायचं असतं हेच माहीत नव्हतं, त्याच्यामागे १८,००० साठी लागू नका. नोटीस, सुनावणी, टपाल आणि तलाठ्याचे दिवस मिळून खर्च त्याच्या वर जातो. ऑस्ट्रेलियात रोबोडेट नावाने वार्षिक उत्पन्न पंधरवड्यांवर सारखं वाटून गरिबांवर आपोआप वसुली लावली होती. ती बेकायदा ठरली आणि सरकारलाच पैसे परत द्यावे लागले.

शिवारातला

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात बसलं. दोन शंका. थांबवायचं असेलच तर नोटिशीत काय लिहायचं? आणि आमच्याकडे एका गावात पोलीस पाटील, रेशन दुकानदार आणि निम्मे लाभार्थी एकाच भावकीतले आहेत. तिथे कुणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा?

अव्वल_कारकून

नोटीस एका पानाची, मराठीत, मोठ्या अक्षरात. चार गोष्टी: कोणत्या नोंदीमुळे शंका आली ("आपल्या नावे अमुक क्रमांकाचं चारचाकी वाहन दिसतं" असं नेमकं, "आपण अपात्र आढळलात" असं मोघम नको), कोणता कागद दाखवला की शंका मिटेल, कोणत्या तारखेपर्यंत, आणि कुठे. जागा गावातलीच ठेवा, मंडळ अधिकाऱ्यांच्या भेटीच्या दिवशी ग्रामपंचायतीत. नोटीस हाती दिल्याची सही घ्या. घरात कुणी नाही म्हणून दाराला चिकटवली असेल तर दुसरी फेरी ठेवा, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दिवाळीनंतर गावात नसतंच. उत्तर येईपर्यंत लाभ चालू ठेवा. एका नावाचे दोन महिने म्हणजे ३,००० रुपये, तेवढी जोखीम सरकारला झेपते. रद्द केलंत तर आदेशात कारण आणि अपील कुणाकडे करायचं ते लिहा.

डोंगरवाट

भावकीच्या गावाला सज्जे (तलाठ्याकडची गावं) बदला. या सज्ज्याचा तलाठी त्या गावात आणि तिथला इथे, आशाताईही शेजारच्या गावची. घरभेट सकाळी आठच्या आत, कारण नंतर माणसं शेतावर जातात आणि घरात असलेला कुणीही "मीच ती" म्हणून बसतो. फॉर्मवर लाभार्थ्याला एकच जास्तीचा प्रश्न ठेवा: गेल्या महिन्यात हातात किती पडले? पंधराशेऐवजी तेराशे किंवा बाराशे असं उत्तर एकाच वस्तीत चार-पाच घरांत आलं, तर नाव कुणाचंही कापू नका. ती माणसं खरी आहेत, त्यांना पैसे काढून देणारा कोण ते विचारा.

हिशेबनीस

डोंगरवाट यांच्या त्या प्रश्नाला जोड. तेच विचारायला पैसे पडल्यावर आठवड्याभरात ४०-५० जणांना फोन लावा, आणि फोन लागणार आहेत हे गावोगावच्या बँक प्रतिनिधींना आधीच कळू द्या. तेलंगणात २०१८ च्या रयतू बंधू या शेतकऱ्यांच्या मदत योजनेच्या धनादेश वाटपात असंच केलं होतं. शेतकऱ्यांना फोन करून विचारणार हे निवडक मंडलांच्या अधिकाऱ्यांना आधी सांगितलं, आणि तिथे धनादेश इतरांपेक्षा जास्त जणांना आणि वेळेवर पोचले. फक्त नंबर यादीतला वापरू नका, तो ई-सेवा केंद्रवाल्याचा निघेल. घरभेटीच्या फॉर्मवर नातवाचा का होईना, पण वाजवून बघितलेला नंबर लिहून घ्या.